घरच्यांनी मध्ये पडू नये

‘तुम्ही फक्त एकच करा, स्नेहलताई. मध्ये पडू नका,’ असं दिव्या मॅडमनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी अशी काही समजूतदार मान हलवली, की त्यांना वाटलं असेल, चला, एक तरी शहाणी नातेवाईक भेटली. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष सुजितच्या शर्टाकडे होतं. त्यानं वरचं बटण खालच्या काजात घातलं होतं, आणि मॅडम ‘मध्ये पडू नका’ म्हणत असताना मी हात पुढे करून ते बटण नीट करत होते. मॅडमनी ते पाहिलं.  इतकी साधी सूचना आपल्याला दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही, असा माझा तेव्हा ठाम समज होता. शिकलेली आहे ना मी!

सुजित माझा नवरा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी तपासणीला होता. गेल्या वर्षी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर बाईकवरून घरी येताना, कांद्याच्या मार्केटच्या अलीकडे ट्रकमधून सांडलेल्या कांद्यांवरून त्याची गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट डोक्यावर होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, त्यामुळे ते आधीच उडून गेलं. भेटायला येणारे विचारायचे, ‘कशानं झालं?’ मी म्हणायचे, ‘कांद्यानं.’ मग चेहरा कसा ठेवावा हे त्यांनाही कळायचं नाही आणि मलाही.

तो वाचला. चालायला लागला, उजवा पाय किंचित जड पडतो एवढंच. बोलायलाही लागला, आणि तिथंच पंचाईत झाली. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की माणसाचा लगाम सैल होतो, असं डॉक्टर म्हणाले. सुजितच्या मनात आलेलं आता थेट तोंडावाटे बाहेर पडतं. आमचे घरमालक मारुतराव कासारवाडीचे जुने गाववाले, बिल्डिंगच्या खाली त्यांचं किराणा दुकान. ते बिचारे फळं घेऊन भेटायला आले, तर हा म्हणतो, ‘मारुतराव, डाय कानाला लागलाय तुमच्या.’ मारुतराव दिलदार म्हणून हसले. पण जाताना रुमाल कानावर धरून गेले.

दुसरं म्हणजे, कामाच्या मध्येच तो हरवतो. चहा ठेवायला उठला, की पाणी उकळत राहतं, दूध फ्रिजमध्ये राहतं, आणि हा खिडकीशी उभा राहून मालगाडीचे डबे बघतो. पूर्वी हाच माणूस मायक्रोमीटर घेऊन केसाएवढी चूक पकडायचा.

पिंपरीच्या ज्या हॉस्पिटलात त्याचं पुनर्वसन चालू होतं, तिथं एक संशोधन सुरू झालं. डोक्याला मार लागलेल्या माणसांना विभागातल्या टेबलावर ठोकळे रचायला आणि चित्रं जुळवायला लावतात. त्याऐवजी त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच बाजारात शिकवलं तर जास्त उपयोग होतो का, हे बघायचं होतं. दिव्या मॅडम तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या. अभ्यास त्यांचाच. पेशंटचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एक टेबलाचा, एक बाजाराचा. सुजित बाजाराच्या गटात आला, तेव्हा मी त्याला मोठ्या शाळेत ॲडमिशन मिळाल्यासारखे पेढे आणले. मॅडम म्हणाल्या, ‘अहो, कुठला गट चांगला हेच तर आम्हाला माहीत नाही.’ मी म्हटलं, ‘हो, हो, कळतंय मला,’ आणि त्यांना पेढा दिला.

मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. आहे, हे इथं सांगायला हवं. कॉलेजात प्रयोगाच्या वेळी कुणी जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवरचं झाकण जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की मी किंचाळायचे. ‘बाहेरचं काही आत गेलं की संपलं! मग आत काय वाढलं ते कुणालाच कळत नाही!’ माझी पार्टनर मला ‘झाकण’ म्हणायची.

अभ्यासात प्रत्येकानं आपलं एक ध्येय सांगायचं होतं. सुजित काय म्हणणार हे मला ठाऊक होतं: परत कंपनीत जायचं. मी त्याच्या वतीनं तोंड उघडणार, एवढ्यात तोच म्हणाला, ‘इंदूला बालवाडीतून आणायचं. एकट्यानं.’

इंदू म्हणजे इंद्रायणी, आमची मुलगी. चार वर्षांची. तिची बालवाडी हायवेच्या पलीकडे. त्या हायवेवर बस, ट्रक, कंपनीच्या गाड्या आणि उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले असं सगळं एकाच वेळी अंगावर येतं. मी म्हटलं, ‘वा, छान!’ माझा आवाज इतका बारीक निघाला, की मॅडमनी मला पाणी दिलं.

‘लगेच नाही हं,’ त्या म्हणाल्या. ‘आधी काही आठवडे बाजारात शिकायचं, मग एक चाचणी. ती नीट जमली तरच हे ध्येय हातात घ्यायचं. नाही जमली तर थांबायचं.’

चाचणी अशी: सुजितला एक चिठ्ठी मिळणार. चिठ्ठीवर चार-पाच साधी कामं. अमुक वस्तू आण, अमुक गोष्टीची चौकशी कर, ठरल्या वेळी मॅडमना फोन कर. एका दुकानात दोनदा जायचं नाही, चिठ्ठीबाहेरचं काही घ्यायचं नाही. मॅडम मागून चालणार, बघणार, पण एक शब्द बोलणार नाहीत. कामं कुठली, हे आधी सुजितला किंवा मला कळणार नाही. आणि घरच्यांनी मध्ये पडायचं नाही.

आता ‘चाचणी’ हा शब्द ऐकला की माझं काय होतं, ते माझ्या माहेरी विचारा. चुलतभावाच्या दहावीला मी घरी बसून त्याचे पेपर त्याच्यापेक्षा जास्त टेन्शननं दिले होते. सुजित पास झाल्यावर पुढे काय होणार, म्हणजे इंदू आणि तो हायवे, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नाही. माझा नवरा नापास होता कामा नये, एवढंच एक चक्र डोक्यात फिरत होतं.

बाजारातले ते आठवडे संपले, आणि चाचणीच्या आदल्या दिवशी मारुतरावांनी खबर दिली.

‘पोरी, ती तुमची हास्पिटलची बाई आलती की. शालनबाईकडं इचारून गेली, मेडिकलात गेली, मला बी म्हनली, ‘काका, आमचा एक पेशंट येईल, त्याला तुमी नेहमीसारखंच वागवा.’ म्हनलं, व्हय, वागवू की. सुजितच हाय न्हवं पेशंट?’

परीक्षा कुठल्या दुकानांत आहे, हे मला असं घरबसल्या कळलं. पेपर फुटतात ते असेच फुटत असणार.

संध्याकाळी मी पिशवी घेऊन निघाले. भाजीवाल्या शालनबाईंना म्हटलं, ‘उद्या हे आले तर जरा सांभाळून घ्या हं.’ मेडिकलवाल्या रणजीतला म्हटलं, ‘भाऊ, त्यांना औषधाचं नाव आठवलं नाही तर तुम्ही आठवा, आणि मॅडमना फोन करायची आठवण द्या.’ तो म्हणाला, ‘वहिनी, टेन्शनच घेऊ नका. आपल्या सुजितभाऊचा पेपर म्हणजे आपला पेपर.’ मारुतरावांना काही सांगायचीच गरज पडली नाही. ते खुर्चीत आधीच सरसावून बसले होते.

‘पोरी, तू निवांत ऱ्हा. गाव आपला हाय.’

घरी आले तर सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं नाव कौशल्याबाई, आमचं गाव लातूरकडचं. अपघातानंतर त्या इथंच आहेत. त्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

‘भाजीला गेलतीस ना? भाजी कुठाय?’

‘मिळाली नाही, आई.’

‘एवढ्या बाजारात भाजी मिळंना? काय करायलीस तू नेमकं?’

दुसऱ्या दिवशी चाचणी. मी घरी थांबायचं होतं, आणि मी घरी थांबणारच होते. फक्त स्कूटर नीट लागलीय का ते बघायला खाली उतरले, आणि उतरलेच आहे तर म्हणून तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गॉगल लावला. आपल्याकडे हे एक बरं आहे. स्कार्फ बांधला की बाई कुणाचीच कुणी नसते. मी बाजारात जाऊन उसाच्या रसवंतीच्या मागे उभी राहिले.

सुजित चिठ्ठी वाचत आला. मागे बऱ्याच अंतरावर दिव्या मॅडम. तो शालनबाईंच्या हातगाडीपाशी पोचायच्या आत शालनबाईंनी मेथी पिशवीत भरून पुढे केली. ‘घ्या दादा, मेथीच हवी ना? आणि ही कोथिंबीर वरून घ्या.’ तो ‘मेथी’ म्हणायला उघडलेलं तोंड मिटून पुढे निघाला. रणजीत तर दुकान सोडून रस्त्यावर आला होता. दोन्ही हात हलवून ओरडत होता, ‘सुजितभाऊ! इकडं! मेडिकल इकडं!’ गोळ्यांची पट्टी त्यानं खिशात घातली, आणि सुजितनं विचारलेलं नसताना वर म्हणाला, ‘मॅडमना फोन करायचाय ना? करा, करा, वेळ झाली.’ शेवटी सुजित किराणा दुकानाकडे वळला. चिठ्ठीत लोणावळ्याच्या पुढच्या लोकलची वेळ विचारायची होती, आणि मॅडमनी प्रत्येक दुकानदाराला त्याच्यापुरतं काम आधी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. तो पायरी चढायच्या आत मारुतराव खुर्चीतून गरजले, ‘लोनावळा गाडी आत्ता सुटली बरं का! आता म्होरली तासाभरानं! तासाभरानं हाय, सुजित!’

मागून दिव्या मॅडम चालत होत्या. चेहरा अगदी कोरा. त्या चेहऱ्याचा अर्थ मी लावला, ‘मॅडम प्रभावित झाल्या.’ रसवंतीवाल्यानं मला विचारलं, ‘ताई, अजून एक ग्लास?’ उभं राहायला काहीतरी कारण हवं होतं, त्यामुळे माझ्या पोटात तोपर्यंत बराच रस गेला होता.

सुजितला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले.

तो घरी आला तो कितीतरी महिन्यांनी ताठ चालत आला. आईच्या पाया पडला. इंदूला उचलून घेतलं आणि म्हणाला, ‘इंदे, सोमवारपासून तुला आणायला कोण येणार?’ इंदू किंचाळली, ‘पप्पा!’ सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि मीही हसले. मग मोरीत गेले, नळ सोडला, आणि पहिल्यांदा नीट विचार केला.

मी माझ्या नवऱ्याला पास केलं होतं, आणि त्या पासावर तो माझ्या मुलीला घेऊन हायवे ओलांडणार होता. त्याला खरंच किती जमतं, हे आता या जगात कुणालाही माहीत नव्हतं. मॅडमना नाही, मला नाही, त्याला स्वतःला नाही. माहीत करून घ्यायची जी एक सोय होती, तिच्यात मी स्वतःच बोट घातलं होतं.

मग मी काय केलं? जाऊन सांगितलं? छे! सोमवारी इंदूला सर्दी झाली.

मंगळवारी तिचं पोट दुखलं. बुधवारी मी वाचलं की बाहेर डोळ्यांची साथ आहे. साथ नागपूरला होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. इंदू दिवसभर पलंगावर उड्या मारत होती आणि मी तिच्या छातीला बाम चोळत होते.

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. ‘आगं, थंडगार हाय लेकराचं कपाळ. सर्दी कुठं दिसायली तुला?’

‘आतून आहे, आई.’

‘आतून तुलाच काहीतरी झालंय. तिला चोळू नको, सवताला चोळ.’

सुजित दारात उभा होता. शर्ट घातलेला, बटणं सगळी बरोबर. रोज तो असा तयार व्हायचा, आणि रोज मी काहीतरी काढायचे. त्या दिवशी तो आत येऊन पलंगाच्या कडेला बसला.

‘स्नेहल, शालनबाईंनी कोथिंबीर वरून दिली.’

‘मग? चांगल्या आहेत त्या.’

‘चांगल्या नाहीत. तूच म्हणतेस, एक देठ जास्त मागितला तरी तोंड वाकडं करतात.’ तो सावकाश एकेक गोष्ट जोडत होता. ‘रणजीत रस्त्यावर आला. तो गिऱ्हाईक पुढे असताना मोबाईलमधून डोकं काढत नाही. मारुतराव मी विचारायच्या आधी ओरडले.’

मी बामाची डबी बंद केली, उघडली, बंद केली.

‘मी डोक्यावर पडलोय, स्नेहल. डोळ्यांवर नाही.’

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ‘काय म्हणायलास रे?’

‘हिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आई. आणि ही रसवंतीच्या मागे उभी होती.’

‘तू मला पाहिलंस?’

‘चपला तुझ्याच होत्या. आणि एवढा रस कोण पितं?’

एरवी मी हसले असते. पण तो हसत नव्हता. अपघातानंतर त्याचा चेहरा फार बदलत नाही, म्हणून मला बराच वेळ कळलं नाही की तो रडतोय. ‘मला वाटलं, मी जमवलं,’ तो म्हणाला. ‘मी रोज तयार होत होतो.’

सासूबाईंनी माझ्या हातातून बामाची डबी काढून घेतली. 

त्यानं माझ्यासमोर मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. लगाम सैल असल्यामुळे त्यानं काहीच गाळलं नाही. मेथी, गोळ्या, लोकल, स्कार्फ, उसाचा रस. इंदूच्या न झालेल्या सर्दीपर्यंत सगळं.  मग मॅडम म्हणाल्या, ‘मला शंका आलीच होती.’

मी न राहवून म्हटलं, ‘मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?’

‘चाचणी चालू असताना मी बोलायचं नसतं, स्नेहलताई. तो नियम मलाही लागू आहे. शंका मी नोंदवून वर पाठवलीय. आज-उद्या तुम्हाला बोलावणारच होते. आणि इंदूची सर्दी बरी झाली, अशा तुमच्या फोनची मी वाट बघत होते. पहिल्या दिवशी मी सोबत येणार, असं ठरलं होतं ना?’

ठरलं होतं. मी त्यांनाही सर्दीचा मेसेज केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. मला वाटलं होतं, मॅडम ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडा खाण्याचा मला सराव आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ही चाचणी धरता येणार नाही, आणि का धरता येणार नाही तेही लिहावं लागेल. मग म्हणाल्या, ‘बाजारात शिकवण्याचा उपयोग होतो की नाही, हे आम्हाला खरंच माहीत नाही. नसेल होत, तर तेही कळायला हवं. तुमच्यामुळे आमच्या कागदावर तो होतोय असं दिसलं असतं. उद्या दुसऱ्या गावचा एखादा डॉक्टर ते वाचून दुसऱ्या कुणाला रस्त्यावर सोडेल. त्याच्या हातातही कुणाची तरी इंदू असेल.’

माझी कॉलेजातली पार्टनर आठवली. तिनं मला ‘झाकण’ हे नाव ठेवलं होतं. बशीवरचं झाकण उघडून, आत तोंड घालून, वर फुंकर मारणारी बाई म्हणजे मीच, हे तिला कळलं असतं तर तिनं अख्ख्या बॅचला पार्टी दिली असती.

‘मला परत द्यायचीय,’ सुजित म्हणाला. ‘जिथं हिची ओळख नाही तिथं.’

‘तशी जागा आहे का?’ मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं. तेव्हा सुजित अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

वरिष्ठांना विचारून त्यांनी चाचणी पुन्हा घ्यायचं ठरवलं. कुठं, कधी, मला सांगितलं नाही. सुजितलाही त्याच सकाळी कळलं. तो दुपारी परतला तेव्हा शर्ट घामानं भिजला होता आणि हातात एका साडीच्या दुकानाचं कॅलेंडर होतं.

‘हे काय?’

‘चुकून आत गेलो. त्यांनी दिलं. मग बाहेर आलो.’

‘आणि?’

‘पोस्ट सापडेना. एका माणसाला विचारलं. त्यानं चुकीचं सांगितलं. दुसऱ्याला विचारलं.’

‘आणि फोन? फोन केलास?’

‘उशिरा. पण केला. आठवला तेव्हा केला.’

‘मार्क किती?’

तो चपला काढत म्हणाला, ‘ते तुला सांगायचं नाही, असं मी मॅडमना सांगून आलोय. तू फ्रेम करून लावशील, नाहीतर क्लास लावशील.’

मार्क मला आजही माहीत नाहीत. मॅडम एवढंच म्हणाल्या, की तो चुकतो, पण आता चूक त्याच्या लक्षात येते आणि तो थांबून विचारतो. यावर काम करता येईल. सोमवारपासून नाही. वेळ लागेल.

‘आणि ताई, आता तुमचाही सराव,’ त्या म्हणाल्या. ‘सुजित चहा करतील. तुम्ही बसायचं. गप्प.’

मला वाटलं, गप्प बसणं म्हणजे काय मोठं काम आहे! संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, हात मांडीखाली दाबून. शेजारी सासूबाई. सुजितनं पातेलं ठेवलं, दूध ओतलं, गॅस लावला. खिडकीबाहेर मालगाडी आली. तो खिडकीशी गेला.

दूध कडेला यायला लागलं. मी श्वास ओढला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि कुजबुजल्या, ‘माझंबी तोंड धर बाई, न्हाईतर मीच बोलते.’ दूध वर आलं. फुगलं. मालगाडी संपता संपत नव्हती. आम्ही दोघी सासवासुना एकमेकींना घट्ट धरून उतू जाणारं दूध बघत होतो. लग्न झाल्यापासून आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. दूध चर्र करून शेगडीवर सांडलं, आणि त्या आवाजानं सुजित वळला. धावत आला, गॅस बंद केला, फडकं घेतलं. मग फडकं तसंच हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

‘कुणी बोललं नाही,’ तो म्हणाला.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मग मीच बंद केला.’

त्यानंतरच्या चहाला तो खिडकीकडे जाण्याआधी गॅस बारीक करायला शिकला. त्याला हे कुणी सांगितलं नाही. म्हणजे मी इतके महिने ‘दूध! दूध!’ ओरडून त्याला जे शिकवत होते, ते शिकायला माझं ओरडणं थांबायची गरज होती. यावर हसावं की काय करावं, मला कळलं नाही. शेगडी मात्र मीच घासली.

मग रस्त्याचा सराव. हायवे ओलांडायचाच नाही असं मॅडमनी ठरवलं. मेट्रो स्टेशनचा जिना चढायचा, वरच्या पुलावरून पलीकडे जायचं, उतरायचं. फोनमध्ये गजर. बालवाडीच्या बाईंना सांगून ठेवलं, मॅडमनी, मी नव्हे, की सुजितनं स्वतः इंदूचं नाव सांगून मागितल्याशिवाय तिला सोडायचं नाही. आधी मॅडम त्याच्या शेजारून चालल्या, मग मागून, मग खूप मागून. मारुतराव मला म्हणाले, ‘पोरी, म्हनशील तर आमी बी जाऊन उभं ऱ्हातो जिन्यापाशी. कुनाला कळायचं न्हाई.’ मी म्हटलं, ‘नको, काका.’ ते ‘नको’ म्हणायला मला जेवढी ताकद लागली, तेवढी इंदूच्या बाळंतपणातही लागली नव्हती.

काल तो पहिल्यांदा पूर्ण एकटा गेला. मी घरातच बसायचं, दार उघडायचं नाही, फोन करायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मी कपड्यांच्या घड्या घातल्या. त्या मोडल्या. पुन्हा घातल्या. ट्रकचा प्रत्येक हॉर्न मला माझ्याच नावानं वाजल्यासारखा वाटत होता. नेहमीची वेळ टळून गेली. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण माळ पुढे सरकत नव्हती. मी स्कार्फ हातात घेतला, ठेवला.

मग जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक हलकं, आणि मध्ये उड्या.

‘पप्पा थांबले,’ इंदूनं आत येताच जाहीर केलं. ‘वर पुलावर. मग मी पण थांबले. मग आम्ही मेट्रो बघितली. मग पप्पांना आठवलं.’

सुजितनं तिचा हात अजून सोडला नव्हता. बोटं पांढरी पडली होती. मुलगी आणली होती, दप्तर आणि पाण्याची बाटली बालवाडीतच राहिली होती. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

‘दप्तर राहिलं,’ थोड्या वेळानं तो आपणच म्हणाला.

‘उद्या आण,’ मी म्हटलं.

तर आता तो रोज जाणार आहे, बालवाडी सुटायच्या वेळेला. मॅडमचा अभ्यास अजून संपलेला नाही. दोन्ही गटांचा हिशेब लागेपर्यंत बाजार बरा की टेबल, हे त्याही सांगणार नाहीत आणि मीही पेढे वाटणार नाही. मी घरात असेन. खरंच घरात असेन. म्हणून तुम्हाला सांगते.

कासारवाडीच्या बाजूला राहत असाल, किंवा मेट्रोनं जाता-येता त्या जिन्यावर असाल, तर बघा जरा. उंच माणूस आहे, उजवा पाय किंचित जड टाकतो, हाताला दोन वेण्यांची मुलगी. पुलावर मधेच थांबलेला दिसेल. तो आठवत असतो. त्याला वाट सांगू नका, हाक मारू नका, पिशवीत काही घालू नका. त्याला विचारावंसं वाटलं तर तो विचारेल, तेव्हा तेवढंच सांगा. फक्त त्यानं मुलीचा हात धरलेला आहे ना, एवढं बघा, आणि मग जा तुमच्या कामाला.